मोठेबाबा लिहून देतात

आमच्या मोठेबाबांइतका कागदावर जीव असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. आणि तोंडी शब्दावर त्यांच्याइतका अविश्वास असलेलाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. राहायचे मालेगावात, आणि वाशीमच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं नकला केल्या. कुणाचा फेरफार, कुणाचा वारसदाखला, कुठल्या जुन्या दाव्याचा निकाल, जे टेबलावर येईल ते ताशीव अक्षरात उतरवायचं आणि खाली 'खरी नक्कल' लिहून सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. भर मे महिन्यात काळा कोट चढवून आणि काखेत कागदांची पत्र्याची पेटी मारून ते बाजाराला निघत. डॉक्टरांनी नाडी धरून "काही नाही, साधा ताप आहे" म्हटलं की हे खाटेवरूनच हात पुढे करत, "साधा हाय ना? मंग लिहून द्या." शेलूबाजारच्या थांब्यावर एकदा बस दोन तास उशिरा आली, तेव्हा त्यांनी दारात पाय रोवून कंडक्टरकडून उशिराचा दाखला मागितला. मागं माणसं खोळंबलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. शेवटी कंडक्टरने तिकिटाच्या पाठीवर लिहिलं, 'गाडी उशिरा आली, यात या बाबाचा कसूर नाही', तेव्हा कुठं पाय हलला. खरबूजवाला एकदा "साखर हाय साखर" म्हणून ओरडत होता. मोठेबाबा म्हणाले, "लिही." त्यानेही हट्टाने कोळसा घेऊन फळावरच 'गोड' असं लिहून दिलं. खरबूज निघालं पांचट. मोठेबाबा ती अक्षरं असलेली फोड जपून घेऊन पुढच्या बाजारी त्याच्यापुढे उभे! मोठीमाय म्हणायची, "माह्या लग्नाचा कागद नाई ना याईच्यापाशी. म्हनून चाळीस वर्षं झाली तरी हा मानूस माह्याकडं जरा संशयानंच पाह्यते."

आम्ही सगळे हसायचो. पण आमच्या आजोबांना गावच्या मालकाने दोन एकर पडीक वावर तोंडी दिलं होतं, आणि आजोबांनी अठरा वर्षं त्यातले दगड वेचले होते. वावर पिकायला लागलं तेव्हा मालकाने ते तोंडीच परत घेतलं. मोठेबाबा त्या वेळी बारा वर्षांचे. आजोबा बांधावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "देल्लं होतं ना बाप्पा, देल्लं होतं." त्यांच्याजवळ तेवढाच पुरावा होता. ही गोष्ट मोठेबाबांनी मला एकदाच सांगितली, तीही पेटीतले कागद उन्हाला टाकताना, माझ्याकडे न बघता.

अशा माणसाच्या घरात एक कागद मात्र चुकीचा राहून गेला होता. छप्पन साली दीक्षा घेऊन मोठेबाबा नागपूरहून परतले ते वेगळेच माणूस होऊन. घरातले देवांचे टाक पोत्यात भरून नदीत सोडले, आणि चार वर्षांच्या लेकीचं, सखूचं, नाव सुजाता ठेवलं. पुढे शाळेत सुजाताच लागलं. गावच्या कोतवालाच्या जन्माच्या बुकात मात्र सखू तशीच राहिली. ती नोंद बदलायला एक अर्ज पुरला असता. पण अर्जात 'पूर्वीचे नाव' हा रकाना असतो, आणि ते नाव आपल्या हाताने पुन्हा लिहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. साऱ्या तालुक्याचे कागद नीट करणाऱ्या माणसाने लेकीचा तेवढा कागद अभिमानापायी तसाच ठेवला.

सुजाता माझ्याहून वर्षभराने लहान, मॅट्रिक होऊन मास्तरकीचा कोर्स केलेली, कमी बोलणारी. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर तिचं लग्न झालं. मुलगा शेलूबाजारकडचा, शेतमजुराचा, शिष्यवृत्तीवर इंजिनियर झालेला. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या कारखान्यात नोकरी, आणि तिथं कायम राहायचा परवाना नुकताच मिळालेला. आमच्या सबंध गोतात एवढ्या लांब कुणी गेलं नव्हतं. महिन्याची सुट्टी काढून आला, लग्न केलं, बावीस दिवस सुजाताबरोबर राहिला आणि परत निघाला. निघताना पाया पडून म्हणाला, "मामाजी, सहा महिन्यांत हिला घेऊन जातो."

"जवाईबापू," मोठेबाबा म्हणाले, "तेवढं लिहून द्या."

सगळे हसले. जावईही हसला, आणि त्याने खरोखरच वहीचं पान फाडून, तारीख घालून लिहून दिलं. मोठा गोड माणूस होता.

पण सहा महिन्यांनी काही झालं नाही. बायकोला कायमचं न्यायचा अर्ज त्याने तिकडे केला होता, तो कागदांसकट परत आला. जन्मदाखल्यावरची बाई सखू, आणि लग्नाच्या दाखल्यावरची सुजाता. ही एकच कशावरून? मोठेबाबांनी ते पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, कारण मी केनवडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि घरात तेवढंच इंग्रजी होतं. ऐकून ते बराच वेळ कोटाचं बटण फिरवत बसले. मग पेटी उघडून कोरा कागद काढला आणि 'पूर्वीचे नाव' असं लिहून पुढे सखू लिहिलं. अक्षर जराही हललं नाही. चेहऱ्याकडे मात्र मी पाहिलं नाही.

त्यानंतरची धावपळ सांगायला बसलो तर दोन पावसाळे सांगावे लागतील. शाळा, कोतवाल, वाशीम, अकोला. प्रतिज्ञापत्राला जन्म पाहिलेला साक्षीदार पाहिजे म्हणून केनवडच्या म्हाताऱ्या सुईणीला बैलगाडीत घालून आणि मग बसने वाशीमला नेलं. ती दोन्ही कानांनी बहिरी. साहेबांनी ओरडून विचारलं, "सखूला ओळखता का?"

"सखू?" म्हातारी म्हणाली, "सखू त गेली ना बाप्पा!"

साहेबांची लेखणी थांबली. ते पुन्हा ओरडले, "केव्हा गेली?"

"लगन झालं अन् गेली सासरी! अजून कुठी जाईन?"

सबंध कचेरी हसली. मोठेबाबा हसले नाहीत. घरी येताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "माह्या एका शब्दापायी पोरीचे दोन वर्स गेले." कागद पुन्हा अमेरिकेला गेले. अर्ज दाखल झाल्याची पोच आली, तिच्यावर उठावाचा मोठा शिक्का होता. तो शिक्का मोठेबाबा बोटाने चाचपून बघत आणि आल्यागेल्याला चाचपायला देत. आता फक्त व्हिसाचा नंबर लागायचा होता.

नंबर लागण्याआधी दुसरं पत्र आलं. जावयाबरोबर राहणाऱ्या एका गुजराती मित्राने लिहिलं होतं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, दवाखान्यात ठेवलं आहे, तो घरी कळवू नका म्हणतो पण मला राहवत नाही, वहिनींना शक्य तितक्या लवकर पाठवा. मी ते वाचून मराठीत सांगत होतो आणि सुजाता चुलीपुढे बसून ऐकत होती. भाकर तव्यावर काळी झाली तरी तिने उलटली नाही. मोठेबाबांनी मला पत्र तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "कायमचं जायले उशीर हाय. पन नुसतं भेटाले जाता येते का नाई? पाव्हनी म्हनून?"

"येतं. पाहुण्यांचा व्हिसा वेगळा असतो."

"मंग ते करू."

पासपोर्ट आधीच काढून ठेवलेला होता. मोठेबाबांनी आठ दिवसांत फाईल तयार केली. तशी फाईल मी पुन्हा पाहिली नाही. सातबारा, घराची नोंद, शाळेचे दाखले, सरपंचाचं पत्र, लग्नाचे फोटो, दवाखान्याचं पत्र, प्रत्येकाच्या तीन-तीन नकला, कोपऱ्यात अनुक्रमांक, पुढे अनुक्रमणिका. म्हैस घरची आहे याचासुद्धा दाखला होता. मी विचारलं, "हा कशाला?" तर म्हणाले, "आपन भिकारी नाई हे त्याईले समजलं पाह्यजे." आणि सगळ्यात वर, पहिला क्रमांक घालून, तो उठावाच्या शिक्क्याचा कागद. त्यांच्या दृष्टीने त्याहून भारी पुरावा जगात नव्हता. सुजाता त्या माणसाची बायको आहे आणि हे खुद्द त्यांच्याच सरकारने मान्य केलं आहे! मलाही ते पटलं. मी इंग्रजीचा मास्तर, चार बुकं जास्त शिकलेलो, पण माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

मुंबईला आम्ही गावाकडच्या एका गिरणी कामगाराच्या खोलीवर उतरलो. वकिलात समुद्राकाठी होती. मोठेबाबांना बाहेर बदामाच्या झाडाखाली थांबावं लागलं. दुभाषा म्हणून मला सुजाताबरोबर आत सोडलं. खिडकीमागचा अधिकारी तरुण होता, अदबीने बोलत होता. त्याने फाईल उघडली, पहिला कागद वाचला आणि पुढचं पान उलटलंच नाही. मला म्हणाला, या बाईंना कायमचं नेण्याचा अर्ज चालू आहे. पाहुण्यांचा व्हिसा परत येणाऱ्यांसाठी असतो. मग म्हणाला, त्यांना विचारा, नवऱ्याजवळ कायम राहायची इच्छा आहे का?

मी सुजाताला मराठीत विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग लग्न कायले केलं, दादा?"

मी त्याचं इंग्रजी केलं. अगदी बरोबर केलं. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मी पोरांच्या शेकडो चुका दुरुस्त केल्या असतील, पण त्या दिवशी आपल्या हातून एक चूक व्हायला हवी होती, असं मला अजून वाटतं. अधिकाऱ्याने मान हलवली, त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि त्याने नकार लिहिला.

बाहेर आलो तेव्हा मोठेबाबा झाडाखाली कोट घालून उभेच होते. बसायला कठडा होता, पण बसलेले नव्हते. आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, "कोनता कागद कमी पडला?"

"कमी नाही पडला," मी म्हणालो, "एक जास्त झाला." आणि कोणता ते सांगितलं.

त्यांनी दोनदा समजून घेतलं. मग हळूच कठड्यावर बसले. सुजाता त्यांच्याशेजारी बसली. बाप-लेक समुद्राकडे बघत होते. दोघांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता, पण त्या दिवशी त्यांना तो दिसला असेल असं वाटत नाही.

 तिसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबांनी माझ्यापुढे एकच कागद ठेवला. म्हणाले, "याचं इंग्रजी कर. तुह्या मनचं काई घालू नको." मी वाचला. लिहिलं होतं:

'मी लिहून देतो की माझी मुलगी सुजाता ही नवऱ्याला भेटून तीस दिवसांच्या आत परत येईल. नवरा आजारी आहे. तिला त्याच्याजवळ कायम राहायचे आहे हे खरे आहे, ते मी खोटे म्हणत नाही. पण नंबर लागेपर्यंत ती परत येऊन माझ्या घरी थांबेल. माझे वय एकसष्ट. एकतीस वर्षे मी सरकारी नकला केल्या, एकीतही चूक निघाली नाही. याहून माझ्याजवळ लिहून देण्यासारखे काही नाही.'

मी खाली इंग्रजी लिहिलं. फाईल खोलीवरच ठेवून आम्ही तो एवढा कागद घेऊन गेलो. त्याच खिडकीवर तोच तरुण. त्याने इंग्रजी वाचलं, मग वरचं मराठीही पाहिलं. त्याला ते कळणं शक्य नव्हतं, पण ओळीवरून त्याची नजर सावकाश फिरत होती. "हे कुणी लिहिलं?" मी रस्त्याकडच्या खिडकीतून झाडाखालचा काळा कोट दाखवला. त्याने सुजाताला विचारायला सांगितलं, तुम्ही खरंच परत याल? ती म्हणाली, "बाबानं लिहून देल्लं ना." मी याचंही अगदी बरोबर इंग्रजी केलं. वकिलातीने दवाखान्याला तार करून खात्री करून घेतली. चार दिवसांनी तीस दिवसांचा शिक्का मिळाला.

तिकीट त्या गुजराती मित्राने आणि कारखान्यातल्या लोकांनी मिळून पाठवलं. विमानतळावर मोठेबाबा लेकीला फक्त म्हणाले, "तिथं थंडी असन. डोक्याले बांधजो."

बाराव्या दिवशी तार आली. जावई गेला होता. वय चौतीस. मागोमाग मित्राचं सविस्तर पत्र आलं. वहिनींना इथं एका शाळेत काम मिळू शकेल, वकिलाशी बोललो आहोत, काही तरी मार्ग निघेल, तिकडे खेड्यात परत जाऊन त्या काय करणार, तुम्हीच त्यांना थांबायला सांगा.

ते पत्र वाचून दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केनवडला वर्गात शिकवत असताना मोठेबाबा खिडकीत दिसले. मालेगावहून सकाळच्या गाडीने आले होते. मी बाहेर आलो. ओट्यावर बसत ते म्हणाले, "इंग्रजीत तार लिही. लिही की कागदाची कायजी करू नको. तुले राह्यचं असन त राह्य."

मला खरं वाटेना. "मोठेबाबा, तुम्ही सही केली आहे."

"म्या केली," ते म्हणाले. "तिनं नाई केली."

"उद्या कुणी विचारलं तर?"

"मले इचारतीन. मी सांगीन, चूक झाली." मग थोडं थांबून म्हणाले, "पहिलीच हाय. एक त माफ करतीन."

मी तार लिहिली. आम्ही दोघांनी पोस्टात जाऊन ती केली. पोस्टमास्तर पावती फाडून देत होते. मोठेबाबा ती न घेताच बाहेर पडले. मी मागून खिशात घातली.

अठ्ठाविसाव्या दिवशी सुजाता परत आली. अकोल्याच्या स्टेशनवर आम्ही घ्यायला गेलो होतो. एक बॅग, आणि पदराखाली धरलेला अस्थींचा डबा. मोठेबाबांनी डबा तिच्या हातातून घेतला आणि विचारलं, "तार भेटली नाई?"

"भेटली."

"मंग?"

"मले घरी यायचं होतं, बाबा." एवढं म्हणून ती बाकावर बसली आणि तिथंच, हमालांच्या येण्याजाण्यात, पहिल्यांदा रडली. मोठेबाबा डबा छातीशी धरून शेजारी उभे राहिले. मालेगावची बस निघून गेली तरी त्यांनी तिला उठवलं नाही.

पुढे वर्षभराने नंबर लागल्याचं पत्र आलं. पतीचं हमीपत्र घेऊन मुलाखतीला यावे, असं त्यात होतं. मोठेबाबांनी मला त्यापुढे वाचूही दिलं नाही; 'समजलं' म्हणाले. सुजाताला शेलूबाजारला शाळेत नोकरी लागली. ती सकाळच्या बसने जायची, संध्याकाळी यायची. लोकांनी दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी आणल्या, तिने नको म्हटलं आणि मोठेबाबांनी एकदाही आग्रह केला नाही. त्यांचा कोट खुंटीला गेला तो गेलाच. बाजारात ते आता जे मिळेल ते घेऊन येत. खरबूजवाला हाका मारमारून त्यांना डिवचायचा, तेव्हा नुसते हात हलवत.

एक नवीन नाद मात्र लागला होता. सुजाता घरी आली, हातपाय धुऊन टेकली, की ते खाट ओढून तिच्याजवळ बसत आणि विचारत, "मंग? जवाई काय म्हनत होते?" आणि ती सांगायची. दवाखान्याची खिडकी कशी होती, बाहेर बर्फ कसा पडत होता आणि हे कसे म्हणाले की आपल्याकडं कापूस वेचायला आला असेल. नर्स हिचं नाव कसं वाकडंतिकडं घ्यायची आणि हे कसे हसायचे. हुरडा खावासा वाटतो म्हणाले. मामाजींची तब्येत कशी आहे म्हणाले. रोज एक गोष्ट, कधी जुनीच पुन्हा. मोठेबाबा डोळे मिटून ऐकत. मध्येच म्हणत, "असं म्हनले?" आणि ती म्हणायची, "हाव, असंच म्हनले." मी शनिवारी गेलो की मीही बसायचो. मला वाटायचं, अकरा दिवसांत माणसं किती बोलतात! लग्नानंतरच्या बावीस दिवसांत दोघं लाजण्यात राहिले असतील, ते सगळं तिथं भरून काढलं.

चार वर्षांनी मोठेबाबा गेले, झोपेतच. तेराव्या की चौदाव्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, मी आणि सुजाता ओसरीत बसलो होतो. ती परीक्षेचे पेपर तपासत होती. बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मोठेबाबांना तुझ्या त्या गोष्टींचा फार आधार होता. बरं झालं, तुम्हा दोघांना तेवढे दिवस तरी मिळाले."

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"दादा, मी पोचली तवा ते शुद्धीवर नव्हते," ती म्हणाली. "अकरा दिवस मी हात धरून बसली. एक शब्द बोलले नाई. डोळेबी उघडले नाई."

मी विचारलं, "मग ते बर्फ, हुरडा..."

"बर्फ पडत होता." ती अंगणाकडे बघत होती. "बाबानं घरी आल्यावर पहिल्याच दिवशी इचारलं, काय म्हनले म्हनून. त्याईच्या तोंडाकडं पाहून मी एक गोष्ट सांगतली. वाटलं, एवढी सांगीन अन् थांबीन. दुसऱ्या दिवशी त्याईनं पुन्हा इचारलं. मंग मलेच सवय लागली. शाळेतून येताना बसमध्ये मी आठवत येत होती, आज ते काय म्हनतीन." ती जरा हसली. "चार वर्स असा संसार झाला ना दादा आमचा. आता बाबा नाई, त इचारनारं कोनी नाई. घरी आलं का चुपचाप वाटते."

बाहेर ऊन उतरत होतं. मोठीमायने आतून चहाला हाक मारली. सुजाताने पेपर गोळा केले, आणि उठता उठता मोठेबाबांसारखं मीही विचारेन म्हणून क्षणभर थांबली. मला विचारता आलं नाही. ती आत गेली.